पडद्यावरचा आंबा कुणाच्या मालकीचा?

पोस्ट लांब आहे. वेळ असेल तरच वाचा. पण तुमच्या घरात कुणी मोबाईल ॲप, वेबसाइट, ॲनिमेशन असलं काही करत असेल तर त्याला नक्की वाचायला द्या.

गेल्या वर्षीची गोष्ट. माझा भाचा रत्नागिरीतच घरी बसून डिझाइनचं काम करतो. मुंबईला पाच वर्षं नोकरी केली, मग लॉकडाऊनमध्ये घरी आला तो आलाच. आमच्या नात्यातल्या एका बागायतदारासाठी त्याने आंबे विकायचं ॲप केलं. ॲप म्हणजे काय, तसं साधंच. डझन निवडा, पत्ता टाका, पैसे भरा. पण त्यात एक गंमत होती. ऑर्डर टाकल्यावर जो थोडा वेळ थांबावं लागतं ना, त्या वेळात पडद्यावर एक कैरी यायची. देठ किंचित हलायचा, मग देठापासून खाली हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा केशरी असा रंग उतरत जायचा. फळ पूर्ण पिकलं की खाली लाकडी पेटी उघडायची, पेंढा पडायचा, फळ त्यात बसायचं आणि वरच्या फळ्या एकेक करून ठोकल्या जायच्या. शेवटची फळी बसली की ऑर्डर पक्की. सगळं मिळून चार-पाच सेकंद. पण त्या चार-पाच सेकंदांसाठी पोरगा तीन आठवडे बसला होता. पेटीच्या फळ्या कशा बसतात ते बघायला चक्क बागेत जाऊन पेट्या भरणाऱ्या गड्यांचं शूटिंग करून आला.

लोकांना ते इतकं आवडलं की काही जण नुसतं ते बघायला पुन्हा ऑर्डर टाकायला निघाले. (टाकली असती तर बरंच झालं असतं.)

महिन्याभरात दुसऱ्या एका विक्रेत्याच्या ॲपवर हेच दिसलं. तीच कैरी, तोच हलणारा देठ, रंग तसाच वरून खाली, तीच पेटी, तोच पेंढा. फळ्या पाचाच्या सहा केल्या होत्या, तेवढाच काय तो फरक. आणि त्या पेटीतला आंबा आपल्याकडचा नव्हताच. नाव घेत नाही, घेण्यात अर्थही नाही.

भाचा माझ्याकडे आला. म्हणाला, "मामा, तू एवढी वर्षं प्रेस चालवलीस, आंब्याच्या पेट्यांची लेबलं छापलीस. तुझ्या लेबलाची कुणी नक्कल केली तर तू काय करायचास?"

मी वकील नाही. पण लेबलाच्या नकला मी इतक्या पाहिल्यात की त्या बाबतीत मला थोडंफार कळतं. लेबल कागदावर असतं. ते चित्र आहे, त्याला कॉपीराइट आहे, त्यावरच्या नावाला ट्रेडमार्क घेता येतो. भांडायला काहीतरी हातात असतं. मी त्याला म्हटलं, तुझंही तसंच असणार, फक्त कागदाच्या जागी काच. मग एका वकील मित्राला विचारलं, चार निकाल वाचले, आणि लक्षात आलं की मी साफ चुकलो होतो.

आधी कॉपीराइटचं बघू. प्रोग्रामचा कोड हा आपल्या कायद्यात साहित्यकृती धरला जातो, त्यामुळे कोड चोरला तर कॉपीराइटचा भंग होतो. पण समोरच्याने कोड चोरलेलाच नाही. त्याने पडदा बघितला आणि स्वतःचा कोड लिहून तसंच दिसणारं बनवलं. मग चित्राचा कॉपीराइट? तो आहे. पण एकेका चित्राचा. रंग उतरतो कसा, फळ्या बसतात कशा, त्या हालचालीचं काय? मित्र म्हणाला, हालचालीला सिनेमासारखं 'चलचित्र' म्हणून बघता येईल. पण तिथेही गोची आहे. स्टार इंडियाने लिओ बर्नेट या जाहिरात कंपनीवर केलेला दावा काहींना आठवत असेल, 'क्योंकि सास भी कभी बहू थी' मालिकेवर बेतलेल्या टाइडच्या जाहिरातीवरून. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यात मुंबई उच्च न्यायालयाचं म्हणणं पडलं की चलचित्राची नक्कल म्हणजे त्या रेकॉर्डिंगचीच प्रत काढणं; कुणी नव्याने चित्रण करून तसंच दिसणारं केलं तर ती त्या अर्थाने नक्कल नाही. पुढे २०१९ मध्ये एमआरएफ विरुद्ध मेट्रो टायर्समध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वेगळी भूमिका घेतली. म्हणजे दिल्लीत एक, मुंबईत एक. आपण रत्नागिरीकर कुठे येतो ते सांगायला नको.

मग उरतो डिझाइनचा कायदा. डिझाइन्स ॲक्ट, २०००. वस्तूचं दिसणं वाचवण्यासाठी केलेला कायदा हाच. आकार, नक्षी, रेषा-रंगांची मांडणी, जे नुसत्या डोळ्याला भावतं ते. बाटली, खुर्ची, साडीचा काठ, सगळं यात येतं. नोंदणी झाली की दहा वर्षं हक्क, पुढे पाच वर्षं वाढवून मिळतात. २०१७ मध्ये सेलोच्या पाण्याच्या बाटलीवरून मुंबई उच्च न्यायालयात भांडण झालं होतं, तिथे न्यायमूर्ती गौतम पटेलांनी नक्कल करणाऱ्याला अडवलं. प्लॅस्टिकच्या बाटलीला हे संरक्षण आहे. मग पडद्यावरच्या पेटीला का नाही?

तर नाही, असं आपल्या डिझाइन कार्यालयाचं वर्षानुवर्षं म्हणणं आहे. हे कार्यालय कोलकात्यात. ॲमेझॉनने पडद्यावरच्या एका मांडणीसाठी अर्ज केला होता, तो २०१४ मध्ये फेटाळला गेला. कारणं ऐका. कायद्यात डिझाइन हे एखाद्या 'वस्तू'वर लावलेलं असावं लागतं, आणि वस्तू म्हणजे जी तयार करून वेगळी विकता येते ती. पडद्यावरचं चित्र असं वेगळं काढून विकता येत नाही. शिवाय ते यंत्र चालू असतानाच दिसतं, बंद केलं की गायब. मग ते वस्तूचं रूप कसं?

पहिल्यांदा ऐकताना हे पटतं. मलाही पटलं होतं. पण जरा विचार करा. दिवाळीत आपण आकाशकंदील लावतो. त्याच्या आतल्या कागदाची नक्षी दिवा लावल्यावरच दिसते. दिवा मालवला की फुगलेला कागद लटकतोय एवढंच. म्हणून त्या नक्षीला कुणी "ही कंदिलाचा भाग नाही" म्हणेल का? आणि आज फोन घेताना माणूस काय बघून घेतो? बंद फोन सगळे सारखेच, काळ्या काचेची पाटी. दुकानदारही तो चालू करूनच दाखवतो.

वेगळं विकण्याचंही तसंच. हल्ली लोक फोनसाठी थीम आणि आयकॉनचे संच पैसे देऊन घेतात. कायदा २००० सालचा आहे. तेव्हा आपल्याकडे फोन म्हणजे बटणं आणि हिरवट पडद्यावरचा साप. कायदा लिहिणाऱ्यांना दोष देत नाही. पण पंचवीस वर्षं झाली.

२० मार्च २०२३ ला मात्र एक चांगली गोष्ट झाली. यूएसटी ग्लोबल नावाच्या कंपनीचा पडद्याच्या डिझाइनचा अर्ज असाच फेटाळला होता, ती कंपनी कोलकाता उच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्ती रवि कृष्ण कपूर यांनी कार्यालयाचा आदेश रद्द केला आणि अर्ज पुन्हा नीट तपासा म्हणून परत पाठवला. पडद्यावरची मांडणी आहे एवढ्याच कारणाने ती सरसकट बाहेर काढता येणार नाही, असा त्याचा अर्थ. आनंद झाला. पण निकाल आला म्हणून टेबलावरची सवय बदलतेच असं नाही. त्यानंतरही अशा अर्जांवर तेच जुने आक्षेप निघत राहिले, असं या क्षेत्रातले वकील सांगतात.

गंमत म्हणजे सरकारच्याच वर्गवारीत यासाठी खण आहे! डिझाइनची जगभर वापरली जाणारी लोकार्नो वर्गवारी आहे, भारत २०१९ मध्ये त्या कराराचा सदस्य झाला, २०२१ मध्ये नियम बदलून ती आपल्याकडे लागू केली. त्यात १४-०४ हा उपवर्ग चक्क 'स्क्रीन डिस्प्ले आणि आयकॉन' असा आहे. म्हणजे फाइल ठेवायला कपाटात खण केला, वर नावाची चिठ्ठी लावली, आणि फाइल घेऊन आलेल्याला सांगतायत की असली फाइल नसते.

आता यातली खरी अडचण सांगतो, जी मला सगळ्यात जास्त खटकली. कॉपीराइट कायद्यात कलम १५ आहे. त्याचं म्हणणं असं : एखादी गोष्ट डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखी असेल आणि तुम्ही ती नोंदवली नाहीत, तर औद्योगिक पद्धतीने तिच्या पन्नासपेक्षा जास्त वस्तू निघाल्या की तुमचा त्यावरचा कॉपीराइट संपला. हेतू चांगला आहे, कारखान्यातल्या मालावर कुणी लेखकाच्या हक्कासारखा साठ-सत्तर वर्षांचा हक्क सांगत बसू नये. पण आमच्या पोराचं काय होतं बघा. कोलकात्याला गेला तर सांगतात, हे डिझाइन नाही, नोंदणार नाही. ठीक, मग कॉपीराइट घेऊन कोर्टात गेला तर समोरचा वकील उभा राहून म्हणणार, अहो हे तर डिझाइन आहे, २०२३ चा निकाल बघा, नोंदवता आलं असतं. नोंदवलं नाही आणि ॲप हजारो फोनवर गेलं, सबब कॉपीराइट संपला. दोन्ही दारांवरून परत. कोर्ट हा युक्तिवाद मान्य करेलच असं नाही, सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स इंडिया या प्रकरणात कलम १५ साठी कसोटी घालून दिली आहे : मुळात ती निव्वळ कलाकृती आहे की कलाकृतीवरून औद्योगिक पद्धतीने उतरवलेलं डिझाइन, आणि त्यात मुख्य काय, उपयोग की रूप. पण ती कसोटी आपल्या बाजूने लागेपर्यंत खर्च कुणी करायचा? पन्नास हजारांचं काम करणाऱ्या पोराने?

बाहेर काय चाललंय तेही सांगतो, म्हणजे आपण काही अचाट मागत नाही हे कळेल. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने पडद्यावरच्या आयकॉनसाठी १९९६ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या. हलणारं चित्रही तिथे चालतं. हालचालीतले टप्पे एकामागोमाग एक चित्रांनी दाखवायचे, बस. ॲपलने पुस्तकाचं पान उलटतं तशी हालचाल २०१२ मध्ये अशीच नोंदवून घेतली. तेव्हा लोक हसले होते की आता पान उलटण्याचीही मालकी! त्या हसण्यात तथ्य होतं, त्याकडे येतो. जपानने २०१९ मध्ये कायदा बदलला आणि एप्रिल २०२० पासून पडद्यावरच्या प्रतिमेला वस्तूशी न बांधता संरक्षण दिलं. युरोपियन युनियनचा सुधारित कायदा १ मे २०२५ पासून लागू आहे, त्यात डिझाइनच्या व्याख्येतच हालचाल, स्थित्यंतर, ॲनिमेशन हे शब्द घातलेत. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये रियाधला डिझाइन कायद्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या अंतिम मसुद्यावर भारतानेही सही केली.

आता दुसरी बाजू. ती मांडली नाही तर कमेंटमध्ये कुणीतरी मांडणारच.

सगळंच कुणाच्या तरी नावावर करून दिलं तर उद्या छोट्या माणसालाच ॲप करता येणार नाही. तीन आडव्या रेषांचं मेनूचं चिन्ह, बोटाने खाली ओढलं की ताजं होणारं पान, गोल फिरणारं चाक, ही आता सगळ्यांची भाषा झाली आहे. ती कुणा एका कंपनीला देणं म्हणजे 'क' अक्षर कुणाच्या तरी नावावर करण्यासारखं. आणि अर्ज करायला वकिलांची फौज मोठ्या कंपन्यांकडेच असते. २०१४ ला अर्ज कुणाचा होता? ॲमेझॉनचा. त्यामुळे दार उघडताना उंबरठा नीट हवा. जे काम करण्यासाठीच लागतं ते मोकळं. जे नुसतं सजावट म्हणून आहे आणि खरोखर नवीन आहे तेवढंच नोंदवा. आंबा पिवळा होतो ही कुणाचीच मालकी नाही, ती झाडाची आहे. पण विशिष्ट पद्धतीने हलणारा देठ, वरून उतरणारा रंग, पेंढा आणि पाच फळ्या, हा सगळा क्रम मिळून जे दिसतं ते एका माणसाने बसून केलेलं आहे. कायद्यात नवीनपणाची अट आहेच. तपासणाऱ्याने ती कडकपणे लावावी, माझी काही हरकत नाही. पण आत तरी घ्या.

रत्नागिरीच्या माणसाला हे वेगळं समजावायला नको खरं तर. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांना. तरी बाहेरचा आंबा आपल्या नावाच्या खोक्यात भरून विकला जातोच. मानांकनाने नाव वाचतं. दिसणं वाचत नाही. २०२५ च्या जूनमध्ये प्राडाने मिलानला कोल्हापुरीसारख्या चपला मिरवल्या तेव्हा हेच झालं. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. पण त्यांनी 'कोल्हापुरी' नाव वापरलंच नव्हतं, नुसतं रूप उचललं होतं. आरडाओरडा झाल्यावर त्यांनी मूळ कुठलं ते कबूल केलं. कोल्हापुरीचं रूप शेकडो वर्षांचं, ते नवीन डिझाइन म्हणून नोंदवता येणारच नाही. त्यावर उपाय वेगळा शोधावा लागेल. पण आज जे नवीन होतंय, आपल्या पोरांच्या हातून होतंय, ते तरी वेळेत नोंदवता यायला हवं की नको?

जाता जाता एक. पडद्याच्या नकलेचा त्रास फक्त डिझायनरला होतो असं समजू नका. पैसे पोचल्याची ती हिरवी खूण आणि तिची हालचाल हुबेहूब दाखवणारी खोटी पेमेंट ॲप निघाली आहेत. गर्दीच्या वेळी मासळी विकणारी बाई गिऱ्हाइकाच्या फोनवरची खूण बघते आणि पिशवी देऊन टाकते. पैसे आलेलेच नसतात. ही सरळ फसवणूक आहे, त्याला फौजदारी कायदा आहे, डिझाइनच्या नोंदणीने चोर थांबणार नाही. पण पडद्यावरचं दिसणं ही 'वस्तू' नाही म्हणणाऱ्यांनी एकदा त्या बाईला विचारावं. ती त्या दिसण्यावर विश्वास ठेवून सुरमई देते.

असो. भाच्याचं पुढे काय झालं?

काही नाही झालं. कारण एक चूक त्याचीही होती, आणि ही प्रत्येक डिझायनरने वाचावी. ॲप सुरू व्हायच्या आधीच पठ्ठ्याने ते ॲनिमेशन इन्स्टाग्रामवर टाकलं होतं. आपल्या कायद्यात अर्ज करण्याआधी डिझाइन भारतात किंवा जगात कुठेही प्रसिद्ध झालं असेल तर ते नवीन राहत नाही. प्रदर्शनात मांडलं तर सहा महिन्यांची सवलत आहे, तीही आधी कार्यालयाला कळवलं तर. स्वतःच्या पोस्टला सवलत नाही. त्याला मिळालेले सगळे लाईक त्याच्याच विरुद्ध पुरावा. रियाधच्या करारात यासाठी बारा महिन्यांची मुभा आहे. युरोप, अमेरिका, जपान इथे ती आधीपासून आहे. आपण अंतिम मसुद्यावर सही केली आहे, मग कायद्यात आणायला काय हरकत आहे?

आणि समजा नोंदणी झालीच असती, तरी नक्कल करणाऱ्याकडून कलम २२ खाली ठरावीक रक्कम मागायची तर एका वेळेला जास्तीत जास्त पंचवीस हजार, आणि एका डिझाइनमागे एकूण पन्नास हजार. जास्त हवं तर नुकसानभरपाईचा दावा लावा आणि नुकसान सिद्ध करत बसा. एका हंगामात पेट्यांच्या धंद्यात कुणी किती कमावतं ते वाशीला विचारा. पन्नास हजार हा नक्कल करण्याचा परवाना शुल्क वाटेल त्याला.

माझं मागणं फार नाही. केंद्रातल्या उद्योग खात्याने कायद्याच्या व्याख्येत पडद्यावरची मांडणी आणि तिची हालचाल स्पष्ट शब्दांत घालावी, म्हणजे प्रत्येकाला कोलकाता उच्च न्यायालय गाठावं लागणार नाही. हालचालीचं डिझाइन कागदावरच्या स्थिर चित्रांऐवजी व्हिडिओ फाइल म्हणून घ्यावं. बारा महिन्यांची मुभा द्यावी. ती पन्नास हजारांची मर्यादा वाढवावी. आणि कलम १५ मधली ती दोन्ही दारं बंद करणारी भानगड एकदाची मिटवावी. आपल्या खासदारांना हे कुणी सांगितलंय का मला माहीत नाही, मी पत्र लिहिलं आहे. उत्तर आलं तर इथे टाकीन.

तोवर, व्यक्तीसाठी अर्जाची फी हजार रुपये आहे, ऑनलाइन भरता येते, मुंबईला अँटॉप हिलच्या कार्यालयातही देता येतो. अर्ज नाकारला गेला तरी तारीख तुमच्या नावावर लागते आणि अपिलाचा रस्ता उघडा राहतो.

यंदाच्या हंगामासाठी भाच्याने नवीन ॲनिमेशन केलं आहे. काय आहे ते मला दाखवलं, पण सांगायचं नाही म्हणून बजावलंय. अर्ज परवा गेला. बायकोलासुद्धा अर्जाची पावती आल्यावरच दाखवलं म्हणे.